जैतूची बासरी

सोमवार, ६ ऑक्टोबर

तीन चेंडू. दोनच वर जातात. तिसरा तळाशी बसून माझ्याकडे बघतो.

डॉक्टरांनी दिलेलं हे प्लॅस्टिकचं खेळणं – नळीतून श्वास ओढायचा, चेंडू उचलायचे. ऑगस्टातल्या न्यूमोनियाने फुप्फुसं आळशी झाली आहेत. 'फुगे फुगवा, शंख फुंका, बासरी वाजवा, काहीही करा बाई, पण त्यांना कामाला लावा,' असं म्हणाले. आळशी मुलांना कामाला लावण्यात माझा जन्म गेला. फुप्फुसांचं काय एवढं!

हरेश काल येऊन गेला. माझा मुलगा मला तारीख देऊन गेला. नोव्हेंबरअखेर तो पुन्हा येणार. तोवर मला दम लागायचा थांबला नाही, तर शहापूरचं हे घर बंद, आणि मी डोंबिवलीला त्याच्याकडे. कायमची. भांडला असता तर उत्तर दिलं असतं. तो काळजीने बोलला. त्याला काय उत्तर द्यायचं?

दिपिकाने, म्हणजे सूनबाईंनी, संध्याकाळी फोटो पाठवला. माझ्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत. वर नवा कागदही अंथरलाय.

दोन कप्पे!

फुग्यांचं वय गेलं. शंख फुंकला तर शेजारी आरतीला येतील. बासरी घ्यायची.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाजारपेठेतून नवी बासरी आणली. नुसतं फुसफुस. बोटं भोकांवर पोचतच नाहीत. माझा हात पहिल्यापासून लहान. कासार अजूनही मुलींच्या मापाच्या बांगड्या काढतो. एक बोट टेकवलं की दुसरं सुटतं, आणि वारा भलतीकडूनच जातो.

पलीकडच्या अंजूने कुंपणावरून विचारलं, 'बाई, कुकर बिघडला का?'

बासरी पेनांच्या डब्यात उभी करून ठेवली. तिला तिथेच बरं दिसतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पंढरीचा फोन. आमच्या शाळेचा जुना शिपाई, आता मुरबाडला मुलाकडे असतो. बोलता बोलता म्हणाला, शाळेच्या वाडीतला जैतू गेला. चैत्रातच गेला. मला कुणी कळवलंही नाही. आणि त्याच्या बायकोला, भिमीला, त्याची बासरी विकायची आहे. गिऱ्हाईक लांबचं हवं, वाडीतलं नको, अशी तिची अट.

फोन ठेवला.

बी.ए. होऊन मी कल्याणहून थेट सिद्धगडाच्या पायथ्याशी गेले होते, त्या वाडीच्या शाळेत. शाळेमागच्या खोलीत राहायचे. दिवेलागणीला वह्या तपासायला बसलं की खालच्या अंगाच्या घरातून ती बासरी सुरू व्हायची. गाणं असं नाही. पाण्याच्या पाटासारखं काहीतरी, वळणं घेत जाणारं. मी लाल पेन हातात धरून बसून राही. तेवढा वेळ कुणाच्या वहीत चूक सापडत नसे.

जैतू थोराड माणूस. शाळेची कौलं परतायला यायचा. चहा दिला तर कपाच्या कानात बोट शिरायचं नाही, कप मुठीत धरून प्यायचा. असल्या हातातून असलं नाजूक कसं निघतं, याचं मला नवल वाटे. पण चारचौघांत त्याने कधी वाजवली नाही. लग्नात नाही, पाटलाने बोलावलं तरी नाही. पंधरा ऑगस्टला मी स्वतः विचारलं होतं. मान खाली घालून म्हणाला, 'लोकांसमोर नाय वाजत माझ्याच्यानं, बाई.' मी नखरे समजले. वाडीही त्याला घुमाच म्हणे. संध्याकाळी सगळे पुरुष देवळापाशी जमत, हा कधी घराबाहेर दिसत नसे.

ती बासरी दुसऱ्या कुणाकडे जाता कामा नये. मंगळवारी जाते. हरेशला सांगायचं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सरळगावपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा चढ पायी. एके काळी वह्यांचा गठ्ठा काखेत मारून चढायचे. आज बसत बसत गेले. कापणी चालू. बांधावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी बांधाकडे बघत होते – कुठे टेकता येईल म्हणून.

भिमी ओळखीची वाटेना. वाळून गेलीय. हातात कोयता घेऊन दारात उभी राहिली. बोलला तो तिचा दीर भगीरथ. याला चौथीत मीच दोन वर्षं बसवला होता. आज बदला घेतला.

'मयताच्या तोंडची वस्तू हाय, बाई. ती इकायची नाय. नदीत सोडायची.'

मी विचारलं, 'कधी सोडणार ते सांग. मी खालच्या वळणावर उभी राहते.'

हसावं की रागवावं, त्याला ठरवता येईना. चौथीतही असंच व्हायचं. शेवटी 'नाय म्हंजे नाय' म्हणून शेताकडे गेला.

निघताना भिमी पाण्याचा तांब्या घेऊन मागे आली. शहापूरला घर कसं आहे, मोठं आहे का, शेजार लागून आहे का, असं विचारत राहिली. मी म्हटलं, मधे कुंपण आहे, चिकूचं झाड आहे, आवाज मात्र सगळा जातो. ती 'हं' म्हणाली. पाहुण्याला काहीतरी विचारायचं म्हणून विचारत असेल.

बुधवार, १५ ऑक्टोबर

पाय सुजलेत. हरेशचा फोन उचलला नाही. बोलताना दम लागतो, त्याला कळलं असतं. तिसरा चेंडू जागचा हलत नाही.

पुन्हा जाणार. दिवाळी होऊ दे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मिळाली!

भाऊबीज होताच पंढरीकरवी भिमीचाच निरोप – चढू नका, जीप थांबते तिथंच या. आधीच येऊन उभी होती. लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळलेली बासरी बगलेत, वरून पदर.

'भगीरथला काय सांगितलंस?'

'नदीत सोडली म्हनून सांगितलं.'

'आणि मी?'

'तुमीच सांगितलं ना, खालच्या वळनावर उभी ऱ्हाते म्हनून. हे खालचंच वळन हाय.'

मी हसले, आणि हसता हसता असा खोकला आला की तिने माझी पाठ चोळली. जीपवाला म्हणाला, आजीला पुढे बसवा. आजी!

फुंकून बघायला धडपा सोडला तर तिने माझं मनगट धरलं. 'इथं नको. इथं एक सूर पन काढायचा नाय. तिकडं शहापूरला काय ते.' बरी घट्ट पकड आहे. मग सूचना – पाण्याने धुवायची नाही, चीर जाईल. खोबरेल लावायचं नाही, थंडीत आत थिजतं. तिळाचं लावायचं, कोंबडीच्या पिसाने, अगदी थोडं. तुला हे कसं माहीत, विचारलं. 'घरातच होती ना,' म्हणाली.

मी माठ वाजवून घेते. नारळ कानाशी हलवून घेते. आणि ही बासरी तोंडाला न लावता घेतली. भाव तिने सांगितला नाही, मी ठरवला. पैसे घेताना ती डोंगराकडे बघत राहिली. नोटा न बघता कनवटीला लावल्या.

जीप सुटली तरी तिथेच उभी. मी हात केला. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्या पिशवीकडे होतं.

रविवार, २६ ऑक्टोबर

अंजू फराळाचा डबा परत द्यायला आली. ओटीवर मी तिळाचं तेल आणि पीस घेऊन बसलेली. सगळी चौकशी झाली. कुणाची, कुठली, माणूस कशाने गेला. मग तोंड वाकडं.

'मेलेल्या माणसाचं उष्टं तुम्ही तोंडाला लावणार, बाई? आणि तेसुद्धा—'

'वाक्य पूर्ण कर,' मी म्हणाले.

तिने केलं नाही. डबा ठेवून गेली. वर्गातही अशी मुलं असायची. फळ्यापाशी उभं केलं की अर्ध्यातच बसायची.

पण खोटं कशाला लिहू? ती गेल्यावर बासरी हातात घेतली आणि तोंडापर्यंत नेऊन थांबले. फुंकायच्या भोकाची कड झिजलेली आहे, ओठांच्या आकाराची. तीस-पस्तीस वर्षं एका माणसाचे ओठ तिथे टेकत होते. जात वगैरे माझ्या डोक्यात आली नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरावं, तसं वाटलं.

तेल पुसलं. उद्या.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सूर निघाला. एकच. खोल, थोडा घोगरा, पण सूर!

आणि नवल म्हणजे बोटं आपोआप बसली. नव्या बासरीवर ताणून ताणून दुखणारी बोटं इथे अंथरुणात शिरल्यासारखी शिरली. भोकं जवळजवळ, बारीक, जराशी तिरकी. जशी काही माझ्याच मापाने पाडलेली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

रोज सकाळ-संध्याकाळ वाजवते. सूर लांबतोय. गाणं येत नाही, येणारही नाही. कान आहे, हात नाही. फुप्फुसं मात्र वळणावर येत आहेत. आज फाटकापर्यंत जाऊन आले, मधे थांबावं लागलं नाही.

पण एक गोष्ट सकाळपासून डोक्यात फिरतेय.

चहा पिताना माझं बोट कपाच्या कानात गेलं, आणि जैतू आठवला. मुठीत कप धरणारा. तशीच उठून बासरी घेतली. त्याचं एक बोट ठेवलं तर दोन भोकं झाकली जातील. मधलं आणि अनामिका एका वेळी तिथे मावणारच नाहीत. पुन्हा पुन्हा बघितलं. पट्टी घेऊन बसले.

ही बासरी जैतूला वाजवता येणं शक्य नाही.

मग मी दिवेलागणीला काय ऐकत होते? कुणाचं ऐकत होते?

पंढरीला फोन केला. भिमीला सांग, म्हटलं – बाईंच्या बासरीत दोष निघालाय, येऊन बघून जा.

रविवार, ९ नोव्हेंबर

भिमी आली. सोबत नव्या तांदळाची पिशवी. दोष निघालाय म्हणून भरपाई! चेहरा उतरलेला. उंबऱ्यातच विचारलं, चीर गेली का?

मी तिला आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं, बासरी पुढ्यात ठेवली. म्हटलं, 'ही उष्टी आहे म्हणून शेजारीण नाक मुरडते.'

'उष्टी हायच ती.'

'जैतूची?'

ती बासरीकडे बघत राहिली. मी गप्प राहिले. गप्प राहून खरं काढायचं, ही माझी जुनी पद्धत. पण आज मलाच ते जड गेलं.

'उष्टी हाय,' ती म्हणाली, 'पन त्याची नाय.'

मग हळूहळू सगळं निघालं. माहेरी गुरं राखताना भावाची चोरून वाजवायची. लग्न झालं. सासू कडक. बाईने बासरी फुंकली की घरात तंटे होतात, असं तिचं म्हणणं. पहिल्याच वर्षी जैतूने तिला रानात गुणगुणताना ऐकलं आणि विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी कळकाची नळी घेऊन बसला. तिचा हात नळीवर ठेवला, बोटांपाशी कोळशाने खुणा केल्या, आणि तापल्या सळईने भोकं पाडली. म्हातारीला सांगितलं, मी शिकतोय. सासू गेली तरी पुढे तेच चालू राहिलं. वाडीत एकदा जैतूची म्हणून झालेली बासरी जैतूचीच राहिली.

'आणि तो काय करायचा, तू वाजवायचीस तेव्हा?'

'आतच बसं. भायेर दिसला तर झालंच की! बासरी घरात वाजते नि जैतू देवळापाशी, असं कसं चालंल? म्हनून सांजचा कदी गेला नाय कुठं. लोक घुमा म्हनत. म्हनू दे, बोले.'

'नुसता बसायचा?'

'बसं. डुलकी काढं. कदी चुकलं तं बोलं, काल बरं झालं व्हतं.'

मी उठून खिडकी बंद केली. कारण नव्हतं. उठायला काहीतरी हवं होतं.

बासरी का विकली, ते विचारावं लागलं नाही. तिनेच सांगितलं. बासरी घरात राहिली तर हात जाणार. हात गेला तर वाजणार. आणि आता वाजली तर लोक विचारणार – जैतू तर गेला, मग घरात वाजवतंय कोण?

मी बासरी उचलून तिच्या हातात दिली. नको नको म्हणाली. दोन्ही हात मागे नेले. मी म्हटलं, 'भिमी, हे घर माझं आहे. इथून जे ऐकू जाईल ते माझं म्हणून ऐकू जाईल.'

तिला कळायला वेळ लागला. मग डोळ्याला पदर लावला, तोंड पुसलं, नीट पुसलं, आणि बासरी ओठाला लावली.

काय लिहू! तोच पाट. तीच वळणं. मी बावीस वर्षांची होते आणि लाल पेन हातात होतं.

जाताना तिने शब्द घेतला. कुणाला सांगायचं नाही. पंढरीला नाही, शेजारणीला नाही, तुमच्या पोराला पण नाही. दिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भिमी बाजाराच्या निमित्ताने आली. भगीरथला सांगितलंय, बाईंना दम आहे, हाताखाली कुणी हवं. तो म्हणाला म्हणे, जा, त्यांनी मला दोनदा बसवलं पन मारलं नाय कदी. तिने एक तास वाजवली. मी आतच बसून. पाणी तापवायचा बंब मागच्या अंगणात, पण जाता येईना. अंजू कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. बसले. जैतू काय करत असेल ते आता कळतं. डुलकी मात्र मला लागली नाही.

संध्याकाळी अंजू आपणहून आली. 'बाई, काय वाजवता हो! आमचे हे चहा विसरले.'

'सराव,' मी म्हणाले.

'आणि ते परवाचं मी उगाच—'

'वाक्य पूर्ण कर.'

या वेळी तिने केलं. माफ करा, म्हणाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तिसरा चेंडू वर गेला! पडला लगेच, पण गेला.

भिमी गेल्यावर माझा एक सूर मी धरते. तो माझा आहे, कुणाचा उसना नाही. हरेशपुढे ठेवायचा तर तोच. गाणं माझं म्हणून त्याच्या गळ्यात मारायचं नाही, हे ठरवलं. आणि भिमीला दिलेला शब्दही मोडायचा नाही. दोन्ही कसं जमवायचं, ते अजून कळलेलं नाही. डोंबिवलीचे दोन कप्पे रोज डोळ्यांपुढे येतात. कागद फुलांचा आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

हरेश रविवारी येणार होता, आजच आला. फाटकाशी किती वेळ उभा होता कोण जाणे. आत आला तेव्हा बासरी माझ्या मांडीवर होती आणि भिमी खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती. त्याचे डोळे ओले. 'आई, हे तू?'

मी बासरी ओठाला लावली. एक सूर. सरळ, लांब, मधे न तुटता, न खोकता. तो माझ्या छातीकडे बघत होता, डॉक्टर बघतात तसा. सूर संपला तेव्हा त्याने स्वतःचा रोखलेला श्वास सोडला आणि फोन काढला. दिपिकाला म्हणाला, कप्पे आपले आपण वापरू.

मग माझ्याकडे वळला. 'आणि मघाचं? ते वाजव ना. माझ्यासमोर.'

भिमीने मान वर केली नाही. शेंग हातात तशीच.

मी म्हणाले, 'लोकांसमोर नाही वाजत माझ्याच्यानं.'